म्होरक्या कसा हवा: हुकूम सोडणारा की विचारून ठरवणारा?
कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या आसपासची मुलं, हस्तकलेची मंडळं. हुकूम सोडणाऱ्या म्होरक्याच्या गटात काम भरपूर व्हायचं, पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. कुठे मुलं मुकाट बसायची, कुठे सगळा राग एखाद्या गरीब पोरावर निघायचा (ऑफिसात हे नवं नाही). सगळ्यांना विचारून ठरवणाऱ्याच्या गटात वेग जरा कमी, पण त्याच्या गैरहजेरीतही काम चालूच. आग लागल्यावर बैठक भरवू नये, हे कबूल. एरवी मी दुसराच निवडेन. काहीच न सांगणारा तिसराही प्रकार होता. त्याच्याकडे कामाच्या नावाने नुसता आनंद.