शेरखानसाठी हिंदीतूनच बघा : ‘द जंगल बुक’ (२०१६)

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघत मोठ्या झालेल्यांनी जॉन फॅवरोचा हा सिनेमा लावताना आधी ऑडिओ हिंदी करावा. कारण एकच, नाना पाटेकर. त्या जपानी मालिकेच्या हिंदी रूपात शेरखान त्यांच्याच आवाजात बोलायचा, इथेही तोच बोलतो. इंग्रजीतला इद्रिस एल्बाचा वाघ दणदणीत आहे, पण तो आपल्या ओळखीचा नाही.

आवाजाची खरी करामत डरकाळीत शोधू नका. लांडग्यांच्या पिल्लांमध्ये ऐसपैस बसून शेरखान त्यांना दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या पक्ष्याची गोष्ट सांगतो, तो प्रसंग बघा. पिल्लं मन लावून ऐकताहेत आणि टोमणा कुणाला आहे ते मोगलीला वाढवणाऱ्या लांडगीणीला, रक्षाला (आवाज शेफाली शाह), बरोबर कळतंय. आजोबांनी नातवंडांना गोष्ट सांगावी तसा सगळा थाट, म्हणूनच अंगावर काटा येतो.

मालिका शोधायला गेलात तर मात्र फसाल. निप्पॉन अ‍ॅनिमेशनच्या त्या ५२ भागांशी याचा थेट संबंध नाही. हा डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनचा नवा अवतार. किपलिंगच्या मूळ पुस्तकातला भालू म्हणजे जंगलाचा कायदा घोकून घेणारा कडक मास्तर. इथला भालू मधाच्या पोळ्यांसाठी पोराला कड्यावर चढवणारा ऐदी लबाड. इरफान खाननं त्याला पंजाबी ढंग दिलाय, आणि काळ्या बिबट्याच्या, बघीराच्या (ओम पुरी), शिस्तीपुढे तो मस्त खुलतो. सगळ्यात जास्त खटकते ती ‘का’ नावाची अजगर. पुस्तकात तो मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा दोस्त. इथे प्रियांका चोप्राच्या आवाजातली, पोराला गिळायला टपलेली मादी. मोगलीच्या बापाचं काय झालं ते सांगायचं आणि निघून जायचं, एवढंच तिचं काम.

माकडांचा राजा किंग लुई, त्याच्या बाबतीत मात्र डोकं चालवलंय. किपलिंगच्या माकडांना राजाच नव्हता. डिस्नेनं ओरांगउटान आणला, जो भारतात सापडत नाही. म्हणून या वेळी त्याचा जायगँटोपिथेकस केला, म्हणजे नामशेष झालेला महाकाय वानर. पडक्या देवळाच्या अंधारातून त्याचा हात पुढे येतो तेव्हा भीती जमते, आणि मग तो गायला लागतो! जमलेली भीती तिथेच सांडते.

डबिंगचं एक दुखणं आहे. प, ब, म म्हणताना ओठ मिटावे लागतात, आणि इथले ओठ इंग्रजी वाक्यांवर हललेले. लांब तोंडाच्या जनावरांत ते खपून जातं. मोगली झालेल्या नील सेठीचा चेहरा मात्र खरा आहे, त्यामुळे क्लोजअपमध्ये फरक लगेच कळतो. त्याचा अभिनय मधूनमधून कोरडा वाटतो, त्यालाही कारण आहे : लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे त्याला बऱ्याचदा कठपुतळ्यांशी बोलावं लागलं. त्याच्याभोवतीचं जंगल संगणकावर उभं राहिलंय, आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

घरी बघताना पडदे ओढा. लुईचं देऊळ आणि शेवटचा वणवा दोन्ही काळोखात आहेत. खोलीत उजेड असला तर निम्मं दिसणार नाही. थ्रीडी चष्म्यानं चित्र आणखी मंदावतं, तेव्हा टूडीच बरं. टीव्हीवर ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा, नाहीतर जनावरांची फर व्हिडिओ गेमसारखी दिसते.

सेन्सॉरनं यूए दिलंय, ते मनावर घ्या. गवतातून येणारी शेरखानची झडप आणि लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला कड्यावरून भिरकावणं, दोन्ही पूर्वार्धातच आहे. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर तेवढा वेळ शेजारी बसा. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं मालिकेतलं ते चड्डीवालं गाणं २०१६ मध्ये सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित झालं होतं, ते आधी ऐकवलंत तर पोरं खुशीत बसतील.

पुस्तक वाचलेल्यांसाठी एक सांगून ठेवतो. किपलिंगचा मोगली शेरखानला दोन बाजूंनी म्हशींचा कळप घालून तुडवतो. सिनेमात म्हशी आहेत, पण त्या मोगलीच्या पळून जाण्याच्या कामी येतात. वाघाचा निकाल वाळक्या झाडावर आणि खालच्या आगीत लागतो.