‘इक्लिमलेर’ की ‘कादेर’: आधी कोणता बघाल?

आजच्या तुर्की सिनेमातला पुरुष आणि त्याची वासना समजून घ्यायची आहे, पण हाताशी रविवार एकच आहे. मग नुरी बिल्गे जेलानचा ‘इक्लिमलेर’ लावायचा की झेकी देमिरकुबूझचा ‘कादेर’? दोन्ही २००६चे. दोन्हींत नायक बाईमागे इस्तंबूल सोडून पार पूर्वेच्या बर्फात पोचतो, एक आरीला, दुसरा कार्सला. संथ सिनेमाची सवय तुम्हाला आहे, असं धरून चालतो.

‘कादेर’मधला बेकिर वडिलांचं दुकान सांभाळणारा पोरगा. तो उउरच्या मागे, उउर तुरुंगातल्या झागोरच्या मागे. झागोरचा तुरुंग बदलला की तिचं गाव बदलतं, मग याचंही. उफुक बायराक्तारने बेकिरची लाचारी अशी उभी केलीय की त्याची दया येते, रागही येतो. हाच बघणार असाल तर आधी देमिरकुबूझचाच १९९७चा ‘मासुमियेत’ बघा. त्यात हालुक बिल्गिनेरचा पोक्त बेकिर उघड्यावर बसून आपली सगळी कहाणी सांगतो. तसं बोलणं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात ऐकलेलं नाही.

पण एक गोष्ट खुपली, ती खुपलीच. मधल्या काळात घरचे बेकिरचं लग्न लावून देतात. घरात बायको आहे, मूल आहे, आणि हा पुन्हा उठून निघतो. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोनं एवढंच विचारलं, “आणि तिचं काय?” सिनेमाकडे उत्तर नव्हतं. ‘कादेर’ म्हणजे नशीब. पुरुषाच्या हट्टाला नशीब म्हटलं की घरी राहिलेल्या बाईबद्दल कुणाला बोलावंच लागत नाही. त्यानंतरचा बर्फ कितीही सुंदर असला तरी माझं मन त्या घरातच अडकून राहिलं.

‘इक्लिमलेर’मध्ये ही सूट नाही. प्राध्यापक इसाची भूमिका जेलानने स्वतः केलीय, इसाच्या जोडीदारणीची, बहारची, त्याच्या पत्नीने, एब्रू जेलानने. सुरुवातीला काश या किनाऱ्यावरच्या गावातल्या भग्नावशेषांत इसा फोटो काढत असतो आणि कॅमेरा बहारच्या चेहऱ्यावर थांबतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इसाच्या जुन्या मैत्रिणीच्या, सेरापच्या घरातला प्रसंग बघवत नाही: जमिनीवरची झटापट, आणि खाली पडलेला हेझलनट तिच्या तोंडात कोंबायची त्याची जिद्द. इथे वासना म्हणजे निव्वळ हुकमत, आणि दिग्दर्शक तिला प्रेमाचं नाव देत नाही. पुढे, दोघं वेगळे झाल्यावर, बहार आरीला मालिकेच्या शूटिंगवर असते; तिथे मिनीबसमध्ये इसा ‘मी बदललोय’ म्हणत विनवत असतो, ती रडत असते, आणि शूटिंगची माणसं सामान ठेवायला सारखी दार उघडतात. सेरापला पुन्हा भेटलास का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो. खोटं.

बेकिर जास्त जिव्हाळ्याचा वाटेल, हे मान्य. प्रेमात पोळलेल्या माणसाला कदाचित तोच आधी भेटावा. मी मात्र दुसऱ्यांदा ‘इक्लिमलेर’च लावला. रात्र सोबत घालवल्यावर सकाळी बहार आपलं उडण्याचं स्वप्न सांगते, आणि इसा विचारतो, तुझं शूटिंग किती वाजता आहे?