टेलिमॅक-२डी: सात महिने वापरल्यावर

खाडीतल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहांचं संगणकी गणित करण्यासाठी टेलिमॅक-२डी हे सॉफ्टवेअर गेले सात महिने जवळजवळ रोज वापरतोय. फ्रान्समध्ये तयार झालेली ही प्रणाली २०१० पासून मुक्तस्रोत आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही.

मला सगळ्यात आवडली ती त्रिकोणी जाळी, म्हणजे गणितासाठी पाण्याचा पृष्ठभाग ज्या त्रिकोणांत वाटतात ती. खोल समुद्रात किलोमीटरभराचे त्रिकोण आणि खाडीच्या अरुंद मुखाशी तीस मीटरचे, सगळे एकाच जाळीत. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टाही ती चांगला सांभाळते. मात्र बारीक जाळीला वेळ लागतो. दहा मीटर खोलीत भरतीची लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते, म्हणजे तीस मीटरचा त्रिकोण ती तीन सेकंदांत ओलांडते. पद्धत इम्प्लिसिट (पुढच्या क्षणाची समीकरणं एकत्र सोडवणारी) असल्याने टाइम स्टेप, म्हणजे गणिताच्या दोन क्षणांमधलं अंतर, याहून मोठी ठेवता येते, पण फार ताणली की अचूकता जाते.

पहिले दोन महिने भरतीची वेळ जुळेना. मी तळाचं घर्षण बदलत राहिलो, आणि चूक होती खोलीत. सागरी नकाशावरची खोली नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजलेली असते. जाळीच्या समुद्राकडच्या सीमेवर मी दिलेली भरती होती सरासरी समुद्रसपाटीपासून. मधला फरक मिळवलाच नव्हता. अख्खी खाडी उथळ झाली होती आणि उथळ पाण्यात लाट मंदावते, म्हणून भरती उशिरा पोचत होती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जाळीच्याही आधी हे तपासावं. घर्षणाचा नियम निवडतानाही जपा: मॅनिंगचा गुणांक ०.०२५ आणि स्ट्रिक्लरचा गुणांक ४० म्हणजे एकच घर्षण, कारण एक दुसऱ्याचा व्यस्त आहे.

आठवडाभराची नोंद जुळली म्हणून थांबू नका. चंद्रामुळे येणारा १२.४२ तासांचा एम२ आणि सूर्यामुळे येणारा १२ तासांचा एस२ हे भरतीचे घटक वेगळे करायला सुमारे पंधरा दिवसांची नोंद लागते; उधाण आणि भांग दोन्ही त्यात यायला हवेत. त्याहून कठीण परीक्षा प्रवाहाची. माझी पाण्याची पातळी काही सेंटिमीटरांत जुळत होती, तरी मुखातला वेग चुकतच होता. तिथली खोली नव्याने मोजून घातली तेव्हाच तो सुधारला.

नदीचं गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर पडतात तिथे मात्र २डी पुरत नाही, कारण ते खोलीभराचा एकच सरासरी वेग काढतं. वरचं पाणी समुद्राकडे आणि खालचं आत वाहत असताना खोलीभरची सरासरी जवळपास शून्य दाखवू शकते. त्यासाठी टेलिमॅक-३डी आहे; माझी पुढची जाळी त्याच्याचसाठी बांधतोय.