लोकांच्या कायद्याच्या अडचणी कशा शोधायच्या: कोर्टाची आकडेवारी की घरोघरची पाहणी?

कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेपुढे पहिला प्रश्न हाच असतो: लोक नेमके कुठे अडलेत, हे कळणार कसं? दोन वाटा आहेत. कोर्टातल्या दाव्यांची आकडेवारी चाळायची, किंवा थेट लोकांकडे जाऊन विचारायचं.

आकडेवारी स्वस्त पडते, कारण ती आधीच गोळा झालेली असते. कुठले दावे वाढले, निकालाला किती काळ लागला, हे तिच्यातून नीट दिसतं. कोर्टातली दिरंगाई कमी करायची असेल तर तीच वापरा. पण ती फक्त कोर्टाची पायरी चढलेल्यांची. दावे घटले ते तंटे घटल्यामुळे, की लोकांनी आशाच सोडल्यामुळे, हे दप्तर सांगत नाही.

पाहणी नेमकं हेच शोधते. इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याच्या अभ्यासक हेझल गेन यांनी केलेली पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. मागच्या पाच वर्षांत सुमारे ४० टक्के प्रौढांना कायद्याने सोडवता येईल अशी किमान एक अडचण आली होती, आणि त्यातली थोडीच कोर्टापर्यंत गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत न्याय मोजताना आधी गुन्ह्यांची तक्रार आणि कच्चे कैदी एवढंच पाहिलं जाई. २०२० साली १६.३.३ हा निर्देशक, म्हणजे मोजमापाचा निकष, आला: गेल्या दोन वर्षांत तंटा झालेल्यांपैकी किती जण तो सोडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचले. ही यंत्रणा कोर्टच असावी असं नाही, अनौपचारिकही चालते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

मात्र पाहणीचं यश प्रश्नाच्या शब्दांवर ठरतं. घर सोडून वर्ष झालं तरी अनामत रक्कम परत न मिळालेल्या भाडेकरूला विचारा, ‘कायदेशीर अडचण आली होती का?’ तो सहज ‘नाही’ म्हणेल. त्यालाच ‘घरमालकाने पैसे अडकवले का?’ असं विचारा, मग तारखेसकट सगळं बाहेर येईल. त्याच्या लेखी तो कायद्याचा मामला नसतोच, नशिबाचा भाग असतो. म्हणून प्रश्नावलीत ‘कायदा’ हा शब्द शेवटपर्यंत येऊ देऊ नका.

पाहणीला खर्च येतो, वेळ लागतो, लोक जुन्या गोष्टी विसरतात. शिवाय घरोघर फिरून बेघर माणूस सापडत नाही, आणि घरातला छळ घरच्यांसमोर कुणी सांगत नाही. अशांसाठी मदत केंद्रांतल्या नोंदवह्या थोड्याफार उपयोगी पडतात.

सल्ला केंद्र कुठे उघडायचं, कुठल्या विषयाचं, हे ठरवायचं असेल तर मी पाहणीच निवडेन, छोटी का होईना. पैसे कमी पडले तर प्रश्न कमी करा, पण एक प्रश्न ठेवाच: ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांनी का केलं नाही? ‘कुठे जायचं ठाऊक नव्हतं’ आणि ‘जाऊन उपयोग काय’ ही उत्तरं वेगवेगळी मोजा. पहिल्याला माहिती पुरेल, दुसऱ्याला सोबत येणारा माणूस लागेल.