स्कॅनरचा मेल येत नाही: पोस्टफिक्स बसवावं की एमएसएमटीपीवर भागवावं?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या छोट्या युनिटमध्ये लिनक्स सर्व्हरवर आरकेहंटर आणि माल्डेट हे घातक प्रोग्रॅम शोधणारे स्कॅनर रात्री चालतात, पण इशाऱ्याचा मेल काही येत नाही. लगेच मेलची यंत्रणा बदलायला घेऊ नका. आधी मेल कमांडने टर्मिनलवरून एक साधा मेल पाठवून बघा. तो पोचला, तर गोची स्कॅनरच्या सेटिंगमध्ये आहे. माल्डेटमध्ये ईमेल अलर्ट मुळात ० असतो, तो १ करून पत्ता भरावा लागतो. आरकेहंटर वॉर्निंग निघाली तरच कळवतो. आणि आयकारची (स्कॅनर तपासायची निरुपद्रवी) चाचणी फाइल रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, वापरून बनवली, तर माल्डेट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण रूटच्या मालकीच्या फायली तो वगळतो. ती साध्या युजरच्या खात्यातून बनवा.

साधा मेलही अडकला, तर मात्र निवड करायची वेळ आली: एमएसएमटीपी (मेल फक्त पुढे धाडणारा छोटा प्रोग्रॅम) की पोस्टफिक्स (पूर्ण मेल सर्व्हर). पोर्ट २५ वरून (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) थेट पाठवायचा नाद सोडा. ब्रॉडबँडवर तो बहुधा बंद असतो, आणि बदलत्या आयपीवरून आलेला मेल समोरचा सर्व्हर नाकारतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. दोन्ही पर्यायांत मेल पोर्ट ५८७ वरून जीमेल किंवा ऑफिसच्या खात्यामार्फतच जाणार. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. नेहमीचा पासवर्ड दिला की ५३४ किंवा ५३५ ची एरर ठरलेली.

एमएसएमटीपीचं काम एका कॉन्फिग फाइलीत, आठ-दहा ओळींत उरकतं. मागे सतत चालणारी सर्व्हिस नाही. फाइलीत पासवर्ड असतो, म्हणून परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. स्कॅनर मेल नुसत्या ‘रूट’च्या नावे पाठवतो. त्यामुळे एलियासची (कोणत्या नावाचा मेल कुठल्या पत्त्यावर जावा, ते सांगणारी) फाइल जोडून रूटपुढे खरा पत्ता लिहिला नाही, तर मेल तिथेच फेटाळला जातो. खरी अडचण वेगळीच आहे: त्याला स्वतःची रांग नाही. रात्री अडीचला स्कॅन संपला आणि नेमकं तेव्हाच नेट गेलेलं असलं, तर तो इशारा कायमचा हरवलाच.

पोस्टफिक्स तोच मेल डिस्कवर रांगेत ठेवतं, मूळ सेटिंगनुसार ५ दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतं. सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला तरी रांग शाबूत. सकाळी मेलक्यू ही कमांड मारली की काय अडकलंय आणि का, ते समोर दिसतं. बसवताना मात्र डोकेदुखी जास्त. रिलेहोस्टमधलं (मेल ज्याच्यामार्फत जाणार त्या) सर्व्हरचं नाव चौकटी कंसात हवं, नाहीतर ते त्या नावाचा एमएक्स, म्हणजे मेल घेणाऱ्या सर्व्हरची डीएनएस नोंद, शोधत बसतं. पासवर्डची फाइल बदलली की पोस्टमॅप (ती पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी कमांड) पुन्हा चालवायचं, हे हमखास राहतं. डेबियन-उबुंटूवर एसएएसएलची (लॉगिनची पडताळणी करणारी) मॉड्यूल्स नसली, तर लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ येतं. लोक मग उगाच पासवर्ड बदलत बसतात. पोस्टफिक्सचं ऐकणं (मेल स्वीकारणं) फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरतं ठेवा, बाहेरून कुणी जोडायचं कारण नाही.

डेटा सेंटरमधल्या व्हीपीएसला (भाड्याच्या आभासी सर्व्हरला) एमएसएमटीपी पुरे. युनिटमधला सर्व्हर, तोही एकाच ब्रॉडबँडवर, तर पोस्टफिक्सच. दोन्ही सोबत ठेवून बघू म्हणाल, तर डेबियनवर एमएसएमटीपीचं सेंडमेलच्या (मेल पाठवायच्या नेहमीच्या कमांडच्या) जागी बसणारं पॅकेज टाकताच पोस्टफिक्स काढलं जातं. ‘काढणार’ची यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका.