ठेवायचं, द्यायचं, की विकायचं? जोडीदाराच्या मागे राहिलेल्या वाद्याबद्दल

हे गेल्यावर महिनाभराने कपाटाचं दार माझ्या हातून जरा जोरात लागलं आणि खोलीतली सतार वाजली. कुणी छेडली नव्हती. पडद्यांखालच्या तरफेच्या तारा आपल्या सुराचा आवाज कुठूनही आला की आपोआप झणकारतात, एवढंच. मला ते संसारभर माहीत होतं; कुणी शिंकलं तरी ती उत्तर द्यायची आणि हे हसायचे. त्या दिवशी मात्र मी पलंगावर बसून राहिले. पुढच्या काही आठवड्यांत तरफा उतरत गेल्या, आणि मग दार कितीही आपटलं तरी ती गप्प. नुसतं ठेवून दिलेलं वाद्य तसंच राहत नाही, हे मला असं कळलं.

सल्ला देणाऱ्यांचे दोन तट होते. एक म्हणे, आठवण आहे, जिवापाड जप. दुसरा म्हणे, पडून सडण्यापेक्षा कुणाला तरी दे. दोघांच्याही बोलण्यात मी होते, हे होते, पण सतार नव्हती. माझ्या मते निम्मा निर्णय वाद्यच करतं, तेव्हा सुरुवात तिथून करावी.

हार्मोनियम सगळ्यांत सोशिक. सुराच्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षं टिकतात. धोका भात्याच्या कापडा-चामड्याला, कसर आणि उंदरांचा. अधूनमधून भाता हलवून चार सूर दाबले तरी तिचं निभतं. तबल्याची पुडी, म्हणजे वर ताणलेलं चामडं, मुळात झिजण्यासाठीच असते. तुमच्या माणसाने वाजवलेली पुडी आज ना उद्या बदलावीच लागणार. टिकतं ते लाकडी खोड आणि डग्ग्याचं भांडं. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ धरून असतात, म्हणून ती ठेवून द्यायची तर तारा थोड्या उतरवून ठेवा. व्हायोलिनच्या तारा मात्र सगळ्या एकदम काढू नका. आत एक छोटी दांडी नुसत्या दाबावर उभी असते, ती पडते आणि ती परत बसवणं हे कारागिराचंच काम. गजाचे केस सैल करून ठेवा आणि पेटी मधूनमधून उघडत जा, कारण बंद अंधाऱ्या पेटीत एका बारीक किड्याच्या अळ्या ते केस खातात. पियानोची गोष्टच वेगळी. दोनशेवर तारा, त्यांची एकत्रित ओढ काही टनांची. काही वर्षं सुरात लावला नाही की तो इतका उतरतो की एका बैठकीत वर येत नाही. आणि फुकट द्यायला काढला तरी तो उचलून नेणाराच मिळत नाही. सतार-तानपुऱ्याचा जीव भोपळ्यात. वरून दणकट दिसतो, पण एका धक्क्यात तडकतो. लाकडाच्या वाद्यांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एकदम कोरडी किंवा एकदम दमट हवा कुणालाच सोसत नाही.

मग राहतो उरलेला निम्मा निर्णय, तुमचा.

ठेवणं आणि देणं यांतला फरक दोन व्हायोलिनांवरून लक्षात येतो. १७१६ साली स्ट्रॅडिव्हरी या इटालियन कारागिराने केलेलं ‘मसाया’ ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेआड आहे. ते जवळपास वाजलेलंच नाही, त्यामुळे तीनशे वर्षांनंतरही काल पॉलिश केल्यासारखं दिसतं. दुसरं ग्वार्नेरी या इटालियन कारागिराचं, १७४३ सालचं, विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीच्या हातातलं. त्याच्या दणदणीत आवाजामुळे त्याचं नाव पडलं ‘तोफ’. पागानिनी १८४० मध्ये वारला आणि ते जेनोआ शहराच्या नावे करून गेला. तिथे ते डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, पण अधूनमधून बाहेर काढून निवडक वादकांच्या हाती देतातही. एकाचं रूप शाबूत राहिलं, दुसऱ्याचा आवाज. फक्त हे विसरू नका की दोन्हीकडे हवा, कीड, तारा बघायला पगारी माणसं आहेत. घरी तुम्ही एकट्या किंवा एकटे.

म्हणून घरात ठेवायचं ठरवलंत तर ते काम म्हणून ठरवा. ऋतू बदलला की कव्हर काढून बघणं, गंजलेल्या तारा पुसणं किंवा बदलणं, वर्षातून एकदा जाणत्याला दाखवणं. याच्या बदल्यात मिळतं ते थोडं नाही. ह्यांच्या सतारीची दांडी एका जागी अंगठ्याने घासून गुळगुळीत झाली होती. त्या जागेवर हात ठेवायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि एवढंच कारण कुणाला पुरत असेल तर ते पुरेसं आहे. आणखी कारण द्यायची गरज नाही. ‘मीच शिकेन’ ही तिसरी वाटही याच पोटातली. मी तीन महिने शिकून पाहिलं. बोटांची सालं निघाली, आणि उतारवयात एवढं कळलं की मला सतार आवडते ती ऐकायला. ज्यांना जमतं त्यांनी जरूर शिकावं. मात्र जाणाऱ्याचं ऋण फेडायचं म्हणून शिकू नये, वाद्याला ते समजतं.

माझ्या हातून राहिलं ते सांगते. तारा उतरण्याआधी कुणा जाणत्याकडून वाद्य त्यांच्याच सुरात लावून घ्या, एकेक तार मोकळी वाजवून घ्या आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा. फोनवर केलं तरी चालेल. नंतर तुम्ही काहीही ठरवा, आवाज बदलणारच आहे. पडून राहिलं तरी बदलेल, दुसऱ्याच्या हातात गेलं तरी बदलेल. मला हे सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

द्यायचं म्हटलं की पहिलं नाव येतं मुलांचं. त्यांना भिडेला घालू नका. ‘बाबांची सतार तुला हवी ना?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? मग ती तुमच्या खोलीतून त्यांच्या माळ्यावर जाते, बस. ‘तू ती कुठे ठेवशील?’ असं विचारा. उत्तर देताना मूल जागा शोधू लागलं की काय ते समजतं.

संस्थेला देण्याबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे, तेही सांगून टाकते. ह्यांचा तानपुरा मी एका संगीतवर्गाला दिला होता. वर्षभराने सहज डोकावले तर तो कोपऱ्यात, भोपळ्याला बोटभर तडा आणि दांडीला कुणाची तरी ओली छत्री अडकवलेली. दोष द्यायचा तर निम्मा माझा, कारण मी काही विचारलंच नव्हतं. रोज कोण वाजवणार, दुरुस्ती कोण करणार, नको झालं तर मला परत मिळेल की विकून टाकणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. उत्तरं लेखी मिळत नसतील तर नका देऊ.

त्यापेक्षा एका माणसाला द्यावं, आणि दान म्हणून नव्हे, वापरायला म्हणून. होतकरू विद्यार्थ्याकडे बहुधा त्याच्या हाताच्या लायकीचं वाद्य नसतं, आणि तुमच्याकडे वाजवणारा हात नसतो. एक कागद मात्र करा: मुदत किती, तारा-डागडुजीचा खर्च कुणाचा, प्रवासात मोडलं तर काय, आणि मुख्य म्हणजे मूळ वाद्यात फेरफार करताना विचारायचं की नाही. कागद म्हटलं की लोकांना अविश्वास वाटतो. मला उलट वाटतं, कागद नसला की प्रत्येक भेटीत मन सतारीकडे आधी आणि मुलाकडे नंतर जातं.

विकण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैशांची गरज हे चोख कारण आहे. घरात दोन-तीन वाद्यं असतील तर एक विकून दुसऱ्याची देखभाल होते. किंमत अशा माणसाकडून काढून घ्या जो ते स्वतः विकत घेणार नाही. त्याआधी नवं पॉलिश, रंगरंगोटी करू नका; जुन्या व्हायोलिनची किंमत मूळ वॉर्निश खरवडल्याने उतरते. आतल्या लेबलवर ‘स्ट्रॅडिव्हरी’ वाचून हुरळूही नका. तशी लेबलं चिकटवलेली कारखान्यातली व्हायोलिनं जगभर हजारोंनी आहेत. गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर वाद्यात हस्तिदंत आहे का ते बघा. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. वाद्यांत वापरतात त्या रोझवुड लाकडाच्या व्यापाराचे नियम २०१७ मध्ये आवळले गेले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांपुरते सैल झाले, पण ब्राझीलच्या रोझवुडला ती सूट नाही.

‘वर्षभर काही ठरवू नका’ असं सगळेच सांगतात. माणसापुरतं ते बरोबर आहे, वाद्यापुरतं नाही. ठरवू नका, पण तेवढं वर्ष ते कुणाच्या तरी देखरेखीखाली राहू द्या.

तर कुणी काय करावं? घरात कुणाचा हात त्याला रोज लागणार असेल, किंवा तुमचाच हात नुसता फिरवायला लागणार असेल आणि देखभालीचा कंटाळा नसेल, तर ठेवा. कव्हर काढवत नसेल, तर वापरायला द्या; न बघता ठेवणं वाद्याच्या मुळावर येतं. पियानोसारखं जागा अडवणारं असेल आणि वाजवणारं कुणी नसेल, तर निर्णय लवकर घ्या. आणि वाद्य गेलं म्हणजे सगळंच गेलं असं होत नाही. सतार छेडायची नखी, तबल्याची हातोडी, वहीतली नोटेशनं यांना हवा-पाणी लागत नाही.

ह्यांची सतार गेली दोन वर्षं एका मुलीकडे आहे. मी ठेवलीय ती नखी आणि तेलात भिजवलेल्या कापसाची डबी. तारेवर बोट सरकावं म्हणून हे दर थोड्या वेळाने त्यात बोट टेकवायचे. कापूस आता काळा पडलाय. मध्यंतरी त्या मुलीचा फोन आला. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, झिजलीय; जवारी, म्हणजे तिचा वरचा पृष्ठभाग, घासून घ्यावी लागेल, घेऊ का? कागदावर ‘विचारून’ असं मीच लिहिलं होतं, पण विचारल्यावर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. जवारी घासली की सतारीचा तो किंचित मिणमिणा, नाकातला सूर जाणार. मी म्हटलं, ही घासू नकोस, नवी घोडी बसवून घे आणि जुनी मला आणून दे.

ती आणून दिली. डबीशेजारी ठेवलीय. बाजाच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या तारेने तिच्यावर पाडलेली चर नखाला लागते.