फ्रेंच पत्रातला गाळलेला ई आणि आमचे पावणेसहा लाख

ज्यांच्या घरी बारावीचं मूल आहे आणि कॅनडाला शिकायला पाठवायचं चाललंय त्यांनी हे वाचा प्लीज. एका कन्सल्टंटने ॲडमिशनचं खोटं पत्र देऊन आम्हाला कसं फसवलं ते लिहितेय. मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

मी चिंचवडची. अकरावीला फ्रेंच घेतलं ते सगळे घेतात म्हणूनच, स्कोरिंग असतं. पण मला ती भाषा खरंच आवडायला लागली, कॉलेजव्यतिरिक्त वेगळा क्लास लावला आणि बारावीच्या सुरुवातीलाच डेल्फची बी1 दिली. डेल्फ म्हणजे फ्रेंचची परीक्षा, बी1 ही तिची एक पातळी, त्याच्या वरची बी2. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25 मार्क, मला 100 पैकी 71 पडले. ग्लेंडनचं नाव क्लासच्या मॅडमकडून कळलं. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीचं वेगळ्या कॅम्पसवरचं हे कॉलेज, 1966 पासूनचं, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत शिकवतात. तिथे इंटरनॅशनल स्टडीजची द्विभाषिक डिग्री करता येते, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यातलं काही इंग्रजीत शिकायचं काही फ्रेंचमध्ये. आणि वाचता वाचता कळलं की तिथले पहिले प्रिन्सिपल एस्कॉट रीड हे आधी 1952 ते 1957 कॅनडाचे भारतातले उच्चायुक्त होते, नेहरूंच्या काळात दिल्लीत. ते वाचल्यावर मी दोन दिवस घरात दुसरं काही बोललेच नाही, आईला स्वयंपाकघरात जाऊन जाऊन सांगत होते.

बाबा भोसरीला कंपनीत आहेत. परदेशी शिक्षण वगैरे आमच्यात कुणी केलेलं नाही, त्यामुळे फॉर्म आपल्याला जमणार नाही, एखादा माहितगार माणूस हवा असं घरात ठरूनच गेलं. खरं तर ऑन्टारियोच्या, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथल्या, युनिव्हर्सिटींचा अर्ज त्यांच्याच एका सामाईक साइटवरून विद्यार्थी स्वतः भरू शकतो, ओयूएसी म्हणतात त्याला. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये आम्ही डेक्कनला एका कन्सल्टंटकडे गेलो. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. काचेचं ऑफिस, भिंतीवर विमानात चढणाऱ्या मुलांचे फोटो, बाबांना काका आणि आईला ताई. माझं सर्टिफिकेट बघून ते सर म्हणाले, "काका, मुलीचं फ्रेंच आहे ना, मग सीट पक्की समजा." प्रोसेसिंगचे 45,000 त्याच दिवशी भरले.

दुसऱ्या भेटीत ते मला म्हणाले, बी1 थोडं कमी पडतं, 40,000 दिलेत तर बी2 चं सर्टिफिकेट करून देतो. मी नाही म्हटलं, बी2 ला मी स्वतः बसणार होते. घरी येताना बाबा म्हणाले, बघ, निदान विचारून तरी करतोय. मला आज सगळ्यात जास्त त्रास या वाक्याचा होतो. जो माणूस माझ्यासाठी खोटं सर्टिफिकेट करायला तयार आहे तो मला खोटं पत्र का नाही देणार, हा साधा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकालाही पडला नाही.

अर्ज त्यांनीच भरला. मेल आयडी त्यांच्या ऑफिसने बनवलेला, पासवर्ड त्यांच्याकडे. मी दोनदा लॉगिन मागितलं तर म्हणे, मुलं काहीतरी क्लिक करतात आणि फाइल बिघडते, तू बारावीकडे लक्ष दे. मी दिलं लक्ष.

मग 22 जानेवारी 2024 ला कॅनडाने जाहीर केलं की परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणार आणि यापुढे स्टडी परमिटच्या अर्जाला त्या त्या प्रांताचं एक पत्र लागणार, पाल म्हणतात त्याला. ही बातमी अगदी खरी होती. त्याच आठवड्यात सरांचा फोन, आवाजात नुसती घाई. सीटा संपतायत, पहिल्या टर्मची फी आत्ता भरली तरच जागा राहील, 4,70,000. बाबांनी विचारलं, बँकेतून थेट युनिव्हर्सिटीला पाठवू का. तर उत्तर आलं की परदेशी पैसे पाठवले की बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे टॅक्स, कापते, आमच्या फॉरेक्स पार्टनरच्या खात्यात टाका, तो वाचेल.

इथे थांबून सांगते कारण अजूनही लोक यात फसतायत. तेव्हाचा नियम असा होता की शिक्षणासाठी वर्षाला 7 लाखांपर्यंत पाठवलं तर टीसीएस शून्य. त्यावर 5 टक्के, आणि बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर अर्धा टक्का. 20 टक्के हे फिरायला जाणं वगैरे दुसऱ्या कारणांसाठी होतं. एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झालीय. म्हणजे आमचा एक रुपयाही टीसीएस कापला जाणार नव्हता! आणि बँकेतून गेले असते तर ते युनिव्हर्सिटीच्याच खात्यात गेले असते, स्विफ्टची पावती मिळाली असती. आम्ही टाकले एका ट्रेडिंग कंपनीच्या करंट अकाउंटला. आईने पतसंस्थेचं कर्ज काढलं, बाबांनी आजीच्या नावाची एफडी मोडली. आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझं काय, पोरगी जाऊदे.

फेब्रुवारीत बोर्ड सुरू झालं आणि केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी ऑफर लेटर आलं, पीडीएफ. वर लोगो, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. मी आधी फ्रेंच बाजूच वाचली. पहिला शब्द फेलिसितास्यों, अभिनंदन. हा शब्द फ्रेंचमध्ये अभिनंदन म्हणून लिहिताना अनेकवचनीच असतो, शेवटी एस लागतोच, आणि इथे एस नव्हता. खाली होतं, तुमची ॲडमिशन निश्चित झाली आहे. ॲडमिशन शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, त्यामुळे कोंफिर्मे च्या शेवटी आणखी एक ई हवा. उच्चारात कळत नाही, फक्त लिहिताना लागतो. अकरावीच्या पहिल्या सेमिस्टरचं व्याकरण आहे हे, मॅडम या ई वर अर्धा मार्क कापायच्या. तो ई नव्हता. मला दिसलं. मी पेन्सिल घेऊन त्या जागेवर बोटही ठेवलं, आणि मग स्वतःलाच म्हटलं की टायपिंगची चूक असेल, एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीला आपण काय सांगणार. आणि केमिस्ट्री वाचायला बसले.

अजून एक. माझी बारावी चालू होती, निकाल मे मध्ये लागणार, आणि पत्रात कुठलीच अट नव्हती. अमुक टक्के आले तर, असं काहीच नाही, सरळ निश्चित. तेव्हा आम्हाला त्याचा आनंदच झाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पालचं पत्र पण आलं, त्याचे 60,000 वेगळे. नंतर कळलं की ऑन्टारियोने कुठल्या युनिव्हर्सिटीला किती जागा हे जाहीरच केलं मार्चच्या शेवटी. म्हणजे माझ्या हातात जे पत्र होतं ते तेव्हा जगात कुणाकडेच असणं शक्य नव्हतं. आणि ते पत्र युनिव्हर्सिटीमार्फतच मिळतं, एजंटकडून विकत नाही.

पेपर संपल्यावर मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले, पत्राची प्रिंट घेऊन. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि पेढ्याचा बॉक्स न उघडता बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे फ्रेंच कुणी लिहिलंय गं?" मी म्हटलं मॅडम, तो ई ना. त्या म्हणाल्या, "तुला दिसला होता?"

मी हो म्हटलं आणि तिथेच रडायला लागले.

त्यांनी मला रडू दिलं आणि मग त्यांच्याच कॉम्प्युटरवरून ॲडमिशन ऑफिसला मेल करायला लावला, युनिव्हर्सिटीच्या साइटवरून पत्ता काढून, त्या पत्रावरचा नाही. नाव, जन्मतारीख, पत्रावरचा नंबर. दोन दिवसांनी उत्तर आलं, या नंबरचा अर्जच नाही आणि या नावाने कुणी अर्ज केलेला नाही. चार ओळींचा मेल. फुकट. नोव्हेंबरपासून कधीही करता आला असता.

तोपर्यंत सर रोज फोन करत होते की व्हिसाच्या फॉर्मवर सही कर, उशीर होतोय. देवाच्या कृपेने सही राहिली होती. कारण कॅनडाचं इमिग्रेशन खातं 1 डिसेंबर 2023 पासून ऑफर लेटर थेट युनिव्हर्सिटीकडून तपासून घेतं, आणि खोटा कागद निघाला तर चुकीची माहिती दिली म्हणून पाच वर्षं बंदी येऊ शकते. ती एजंटवर नाही, ज्याच्या नावाने अर्ज त्याच्यावर येते. 2023 मध्ये पंजाबच्या मुलांचं प्रकरण गाजलं होतं ना, खोट्या ऑफर लेटरवर गेलेली आणि तिथे काही वर्षं राहिल्यावर डिपोर्टची नोटीस आलेली, ते मी टीव्हीवर बघितलं होतं. बघून चॅनल बदलला होता.

आणि कन्सल्टंटला व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर कॅनडाचं लायसन लागतं, आर पासून सुरू होणारा नंबर असतो, ऑनलाइन रजिस्टरमध्ये नाव टाकलं की दिसतं. आमच्या सरांचं नाव तिथे नव्हतं. हेही आम्ही नंतर बघितलं.

एप्रिलमध्ये आम्ही ऑफिसला गेलो तर शटर बंद, जिन्यात आमच्यासारखेच आणखी दोन पालक बसलेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन अडीच महिने झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पहिल्या काही तासांत लावला तर पैसे गोठवता येतात, त्यामुळे लाजून बसू नका, आम्ही पाहुण्यांत काय सांगायचं याच चर्चेत चार दिवस घालवले. पोलिसांत एफआयआर झाली, कलम 420, 468, 471, म्हणजे फसवणूक आणि बनावट कागद. एक रुपया परत आलेला नाही. आईचा हप्ता अजून चालू आहे.

मी आता पुण्यातच बीए करतेय, संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच. बी2 झाली, माझी मी दिली. ग्लेंडन मनातून गेलेलं नाही, यावेळी अर्ज मी भरणार.

ऑगस्टमध्ये जबाबासाठी चौकीत बोलावलं होतं तेव्हा बाकावर साताऱ्याची एक मुलगी भेटली, तिच्या काकांबरोबर आलेली. तिच्याकडेही तेच पत्र, फक्त नाव वेगळं. मी हात पुढे केला, तिने दिलं. पहिला शब्द बघितला, एस नाही. खाली बघितलं, ई नाही. तिला फ्रेंच येत नव्हतं, तिला एजंटने सांगितलं होतं की तिकडे गेल्यावर शिकवतात. तिचा व्हिसाचा अर्ज एप्रिलमध्येच गेला होता. फाइलमधून तिने दुसरा कागद काढला, इमिग्रेशनकडून आलेला, आणि मला विचारलं, "ताई, यात पाच वर्षं लिहिलंय ते फी भरून कमी होतं का?"